नखातलं ग्रीस

रविवारी सकाळी घरासमोर गाडीचं मागचं चाक काढून बसलो की येणारा-जाणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, "काय साहेब, गाडी बिघडली का?" बिघडली नाही म्हणलं की दुसरा प्रश्न तयारच असतो, "मग कायला खोलायलेत?" ब्रेकचे लायनर बघायलो, चाकात ग्रीस भरायलो असं काहीतरी मी सांगतो, समोरचा हो हो म्हणतो, पण जाता जाता त्याच्या तोंडावर काय असतं ते मला आता पाठ झालंय. बँकेत नोकरी, पगार वेळेवर, अन माणूस दोनशे रुपये वाचवायला फरशीवर फतकल मारून बसलाय. शेजारच्या काकूंनी तर आमच्या हिला एकदा हळूच विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना घरात, कर्जबिर्ज काही झालंय का म्हणून.

पैशाचं म्हणाल तर हिशोब मांडला की मी चांगलाच तोट्यात आहे. गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टी पाने, प्लग पाना, फिलर गेज, एक साधी पक्कड, सर्किप काढायची वेगळी पक्कड, चेनचा ब्रश, अन त्यात मागच्या दिवाळीला घेतलेला टॉर्क रेंच, एवढ्या पैशात गॅरेजला माझी गाडी कित्येक वर्षं सर्व्हिसिंग होऊन आली असती. जगात जर्मनी अन भारतात परभणी असं आम्ही इथले लोक छाती काढून म्हणतो, पण माझ्या पेटीत जर्मनीचं काही नाही अन परभणीचंही काही नाही. अर्धे पाने जालंधरचे, अर्धे नाशिकच्या टापरियाचे. बायकोनं एकदा त्या पेटीची किंमत विचारली होती, मी विषय बदलला.

तर पैसे वाचवायला नाही. मग कशाला, ते सांगायला गावाकडून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. विहिरीवर पाच एचपीचं डिझेल इंजिन होतं, कारण लाईटचा काही भरवसा नसायचा, आली तर रात्री दोनला यायची अन पहाटे चारला गेलेली असायची. माझे वडील, अण्णा, सातवी शिकलेले. पण त्या इंजिनाचं असं काही नव्हतं जे त्यांनी स्वतः काढून परत बसवलं नसेल. वरची कळ उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची अन इंजिन धक धक करत सुरू व्हायचं, हे तर आम्हा पोरांनाही यायचं. पण इंजिनानं एअर घेतली की डिझेलच्या पाईपाचा नट ढिला करून, बुडबुडे बंद होईपर्यंत वाट बघून, बरोबर वेळेला परत आवळायचा, नोझल काढून फवारा बारीक पडायलाय का धार लागायलीय ते बघायचं, पट्टा सैल झाला तर कापून परत जोडायचा, अन विहिरीत उतरून फुटबॉलमध्ये, म्हणजे पाईपाच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, अडकलेला पाला काढायचा, हे सगळं अण्णा करायचे अन शेजारचे बापूराव काका पण करायचे अन त्यांचा सालगडीही करायचा. तिथं कुणी अण्णांना विचारलं नाही की तुम्ही कायला खोलायलेत. गंगाखेडहून मिस्त्री आणायचा म्हणजे एक दिवस गेला, अन एक दिवस पाणी नाही म्हणजे मिरची गेली.

आता याच अण्णांना मी इंजिनाजवळ आलेलो अजिबात खपायचं नाही. पाना हातात देऊ का म्हणलं तरी खेकसायचे, "तू पुस्तक घेऊन बस तिकडं." त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ते लातूर पॅटर्नचे दिवस होते, दहावीला बरे मार्क पडले की पोरगं उचलून लातूरला नेऊन टाकायचं, खोली करून द्यायची, दोन वर्षं घासायचं. अन ज्याला मार्क कमी पडले तो आयटीआयला, फिटर नाहीतर मोटर मेकॅनिक. म्हणजे आमच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलं की पाना हातात घेणं ही नापासांची शिक्षा आहे. हे कुणी तोंडानं म्हणलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. अण्णांचे हात डिझेलनं काळे झालेले असायचे अन आमचे होऊ नयेत म्हणून त्यांनी रान विकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आम्ही शिकलो, नोकऱ्या लागल्या, शहरात प्लॉट घेतले, गेट लावलं. अन गेटच्या आत बसून गाडी खोलणारा माणूस शेजाऱ्यांना गरीब तरी वाटायला लागला नाहीतर वेडा तरी.

सोमवारी कॅशला बसलो की नोटा मोजताना नखातली काळी रेघ दिसते. साबण, कपड्याची पावडर, साखर अन खोबरेल तेल, सगळं करून झालंय, नखातलं ग्रीस जात नाही ते नाहीच. मॅनेजर साहेबांनी एकदा नुसतं बोटांकडं बघितलं. पण एक म्हातारे खातेदार पीकविम्याचे पैसे उचलायला आले होते, त्यांनी माझी बोटं बघून अगदी आपुलकीनं विचारलं, "रान किती हाय साहेब तुमाला?" त्या दिवशी फार बरं वाटलं, का ते माहीत नाही.

माझी गाडी स्प्लेंडर. हिरो अन होंडा एकत्र होते तेव्हाची, टाकीवर अजून दोन्ही नावं आहेत. स्प्लेंडर बाजारात आली १९९४ ला, ९७.२ सीसी, आडवं झोपलेलं इंजिन, चार गिअर अन चारही खाली. पुढं २०१०-११ च्या सुमाराला दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या पण ही गाडी काही थांबली नाही, अन म्हणूनच हिचे पार्ट जिंतूरला मिळतात, सेलूला मिळतात, पाथरीच्या एखाद्या टपरीवजा दुकानात पण मिळतात. घरी गाडी शिकायची असेल तर अशीच गाडी पाहिजे, जिचा क्लच वायर किराणा दुकानाच्या शेजारी टांगलेला असतो.

सुरुवात झाली ती जिंतूर रोडचं काम चालू होतं तेव्हा. माझं रोज अपडाऊन, अन रस्ता असा की समोरच्या ट्रकच्या मागं गेलं की काही दिसायचं नाही, नुसता फुफाटा. गाडी जड ओढायला लागली, पेट्रोल जास्त प्यायला लागली. म्हणून सर्व्हिसिंगला दिली, कुठल्या सर्व्हिस सेंटरला ते सांगत नाही, आणून आठ दिवस झाले तरी फरक शून्य. बिलावर एअर फिल्टर साफ केल्याचे पैसे लावलेले होते. एका रविवारी सहज बाजूचं कव्हर काढलं तर फिल्टरच्या झाकणाच्या स्क्रूवर जुनी धूळ जशीच्या तशी बसलेली, म्हणजे कुणी पेचकस लावलेलाच नाही. झाकण उघडून फिल्टर बाहेर काढला अन फरशीवर हलका आपटला तर मूठभर माती पडली. राग आला, पण त्याहून जास्त म्हणजे नवल वाटलं, की एवढंच होतं? चार स्क्रू? याच्यासाठी मी टोकन घेऊन दिवसभर गाडी ठेवून आलो होतो?

त्यानंतर पुस्तकं चाळली, व्हिडिओ बघितले, बहुतेक हिंदीतले, कुणीतरी बिहारातला नाहीतर हरियाणातला पोरगा मोबाईल एका हातात धरून दुसऱ्या हातानं इंजिन उघडून दाखवतो, आवाज नीट येत नाही पण हात दिसतो, अन शिकायला हातच बघावा लागतो. हळूहळू डोक्यात प्रकाश पडत गेला. फिल्टर चोंदला की हवा कमी जाते, हवा कमी म्हणजे त्या मानानं पेट्रोल जास्त, ते पूर्ण जळत नाही, प्लग काजळीनं काळा पडतो, अॅव्हरेज पडतं. अन फिल्टर फाटलेला असला तर त्याच्याहून वाईट, कारण मग ती माती सरळ आत जाते अन पिस्टनच्या रिंगा घासून टाकते, ऑईल वर चढून जळायला लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, अन मग मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करावं लागतं, म्हणजे वरचं अर्धं इंजिन खोलून पिस्टन-रिंगांचं काम. म्हणजे मराठवाड्यातल्या धुळीनं किती इंजिनं खाल्ली असतील त्याचा विचारच करवत नाही, अन सगळ्यांत सुरुवातीला वाचवणारी गोष्ट काय तर साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा एक फिल्टर.

प्लग बघायला तर मला व्यसनच लागलंय. डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतो ना, तसं हे आहे. टोक विटकरी-तपकिरी असलं तर गाडी खुश. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जायलंय नाहीतर फिल्टर चोंदलाय. काळं पण ओलं अन तेलकट असलं तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील बघा. अन पांढरं फटक असलं तर हवा जास्त, इंजिन तापायलंय. आमच्याकडं मे महिन्यात ४४-४५ डिग्री असतं, तेव्हा हा पांढरा प्लग दिसला की मी अपडाऊन एसटीनं करतो.

सगळ्यांत जास्त रमतो मी कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा अन पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात. पावसाळ्यानंतर एकदा अन उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा तो उघडतोच. लक्षण ठरलेलं असतं, चोक ओढला की गाडी चालू होते, रेस दिली की पळते पण, पण सिग्नलला हात सोडला की बंद. हे म्हणजे बहुतेक वेळा स्लो जेट, पेट्रोल जायची बारीक भोकाची नळी, चोंदलेला असतो, कारण आयडलिंगला गाडी जवळजवळ त्याच एका भोकावर जगते. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, खालच्या वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढायचं, दोन बोल्ट काढून कार्बोरेटर हातात घ्यायचा, वाटीचे स्क्रू ढिले करायचे, आणि आत ते फ्लोट, ती सुई, ते दोन जेट, पितळेचे, एवढे एवढेसे, स्लो जेटचं भोक तर उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत पण नाही. त्या भोकातून गोल उजेड आला म्हणजे साफ, नाही आला म्हणजे त्याच्यात पेट्रोलचा वाळलेला चिकट गाळ बसलाय. तो काढायला लोक सेफ्टी पिन घालतात, सुई घालतात, अन लोखंडापुढं पितळ मऊ पडतं, भोक मोठं होतं, मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते अन मालक म्हणतो आता गाडी जुनी झाली. जुन्या वायरमधली तांब्याची एक तार घ्यायची, केसाएवढी, तांबं पितळाहून मऊ, ते जेटला काही करत नाही. हे मला चाचांनी शिकवलं. अन दुसरं हे की हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो आत फिरवून टेकेपर्यंत किती आटे लागले ते मोजून लिहून ठेवायचं. मी भिंतीवर लिहितो, पेन्सिलीनं, कॅलेंडरच्या मागं. रंग देणाऱ्यानं मागच्या वर्षी ते पुसलं तेव्हा घरात मी एकटाच हळहळलो.

बंद पडलेल्या गाडीला पण एक साधा क्रम आहे, पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन. पेट्रोल खाली येतंय का, प्लगला ठिणगी पडतीय का, किक मारताना पायाला दाब लागतोय का. या तिन्ही गोष्टी असल्या तर गाडी चालू व्हायलाच पाहिजे, होत नसेल तर यातलं काहीतरी अर्धवट आहे. जिंतूर रोडला बंद पडलेल्या गाडीला किका मारून मारून घामाघूम झालेली पोरं बघितली की मला थांबल्याशिवाय राहवत नाही, अन दहात सहा वेळा प्लगची टोपी निसटलेली असते नाहीतर पेट्रोल रिझर्व्हला आलेलं असतं.

चाचांचं सांगायचं राहिलं. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, दुकान म्हणजे एक शटर, एक कंप्रेसर अन लिंबाच्या झाडाखाली दहा-बारा गाड्या. मी घरी गाडी खोलायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं आता चाचांकडं जाणं कमी होईल, त्यांना वाईट पण वाटेल, गिऱ्हाईक तुटलं म्हणून. झालं उलटंच. आधी मी जायचो अन म्हणायचो, "चाचा, बघा ना जरा काय झालंय, आवाज यायलाय." ते बघायचे, आकडा सांगायचे, मी मनात म्हणायचो की शंभरेक रुपये जास्त लावले असतील अन पन्नास कमी करा म्हणायचो, ते तीस कमी करायचे, दोघंही थोडे नाराज. आता मी सांगतो की गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की होते चालू, प्लग बदलून बघितला, करंट पिवळा पडायलाय. चाचा मान वर करून बघतात, "हौ, कॉइल देखना पडेगा." बास, एवढंच बोलणं. त्यांना मला काही पटवून द्यायचं नसतं अन मला संशय घ्यायचा नसतो.

अन घासाघीस तर माझ्याकडून आता होतच नाही. क्लचचं झाकण उघडल्यावर जुनं गॅस्केट दगडासारखं चिकटलेलं असतं, ते ब्लेडनं खरवडून काढायचं, अॅल्युमिनियमला ओरखडा न पडता, एक कण राहिला तरी ऑईल गळणार, त्याला किती वेळ जातो अन पाठ कशी भरून येते ते एकदा स्वतः केल्यावर लेबरचे दीडशे रुपये जास्त आहेत असं म्हणायला जीभ रेटत नाही. बँकेतले सहकारी चहाच्या टपरीवर "या मिस्त्री लोकांनी लूट चालवलीय" म्हणतात, हेच लोक मॉलमध्ये कॉफीचे दोनशे गुपचूप देतात, मग मला राहवत नाही, मी वाद घालतो, अन मग ते म्हणतात बरं बरं मिस्त्री साहेब. चालतंय. लुटणारे आहेतच, फिल्टरचं तर वर सांगितलंच, पण ओळखायचं कसं, खोटं काम कुठलं अन खरं कुठलं, हे कधीच झाकण न उघडलेल्या माणसाला कळत नाही, तो मग सगळ्यांनाच चोर म्हणतो.

माझा एक चुलतभाऊ वाळूजला आहे, त्यानं आयटीआय केलेलं, तोच तो कमी मार्कवाला. बजाजनं वाळूजला कारखाना काढला १९८५ ला, अन तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीतरी घरांत एखादा तरी वाळूजला कंपनीत लागलेला असतोच, कुणी पर्मनंट, कुणी ठेकेदाराकडं. भाऊ एका पार्ट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत असेंब्लीवर आहे. तो दिवाळीला आला अन मी ऑईल बदलताना ड्रेन बोल्ट आवळायलो ते बघत उभा राहिला, अन म्हणाला, "दादा, तू अंदाजानं आवळायलास?" मग त्यानं मला टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा ते, समजावून सांगितला. सहा एमएमच्या बारक्या बोल्टला दहा-बारा न्यूटन मीटर बास, ड्रेन बोल्टला पंचवीस-तीसच्या आसपास, बोल्ट स्टीलचा, केसिंग अॅल्युमिनियमचं, जोर लावला की आटे केसिंगचे जातात बोल्टचे नाही. आटे गेले की मग लेथवाल्याकडं जाऊन बुश मारून आणा. त्यांच्या लाईनवर प्रत्येक बोल्टचा आकडा ठरलेला असतो, कमी पडला तर मशीन दिवा लावतं. मी एम.कॉम. झालेला माणूस त्या दिवशी माझ्या लहान चुलतभावाकडून अर्धा तास ऐकत बसलो होतो, अन अण्णा ओसरीवर बसून दोघांकडं बघायलेते, काही बोलले नाहीत. टॉर्क रेंच मी त्याच्याच सांगण्यावरून घेतला. चाचांना दाखवला तर त्यांनी हातात घेऊन तोलला, एक बोल्ट आवळला, मग रेंचनं तपासला, काट्यावर बरोबर. मनगटातच आहे त्यांच्या. "काय कू इत्ता पैसा डाले," एवढंच म्हणाले.

आमच्याकडं गाडी सांभाळणं म्हणजे अर्धं काम मातीचंच. उन्हाळ्यात फुफाटा अन पावसाळ्यात काळी माती. रानात गेलात अन पाऊस लागला तर मडगार्ड अन टायरच्या मधी माती अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, उतरून काडीनं उकरत बसा, दहा पावलं गेलं की परत. अन ती माती चेनवरच्या ऑईलमध्ये मिसळून वाळली की पॉलिश पेपरचं काम करते, चेन सेट आयुष्याच्या आधीच जातो. म्हणून पावसाळ्यात मी चेन दर आठवड्याला पुसतो. आधी रॉकेलनं करायचो, रेशनवरचं रॉकेल गेल्यापासून डिझेलवर भागवतो, पेट्रोलनं नाही, पेट्रोल भडकतं पण अन चेनमधलं वंगण पण धुऊन नेतं. ब्रश, चिंधी, मग गिअर ऑईलची बारीक धार आतल्या बाजूनं. ताण बघायचा मधोमध, बोटानं दाबून दोन-अडीच सेंटिमीटर खालीवर झाली पाहिजे, त्याहून ताठ ठेवली तर खड्ड्यात बेअरिंगवर येतं.

धुण्याचं मात्र मी फार मनावर घेत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या साली आमच्याकडं पण नळ कधी यायचा त्याची तारीख कुणी सांगत नव्हतं, तेव्हापासून गाडीवर पाईप धरायची लाज वाटते ती वाटतेच. बादलीभर पाणी अन फडकं. अन जळकं ऑईल कुठं टाकायचं हाही एक प्रश्नच आहे ज्याचा घरी काम करणारे विचार करत नाहीत, नालीत ओतून मोकळे होतात. ते घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे, अन आमच्या गल्लीत निम्म्या घरांचं पाणी बोअरचं. मी ते कॅनमध्ये साठवून चाचांकडं देतो, त्यांच्याकडं ड्रम उचलायला गाडी येते. मधी बांधकामवाला शेजारी मागून न्यायचा, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला. गावाकडं दाराच्या चौकटीला लावतात वाळवी लागू नये म्हणून. हातमोजे घालून लावत नाही कुणीच, ते सांगितलं तर हसतात. ब्रेकचं पण तसंच, ड्रम उघडला की आतली धूळ तोंडानं फुंकायची सवय असते लोकांना, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं, ओल्या फडक्यानं पुसा ना बाबांनो. अन कार असेल तर नुसत्या जॅकवर उभी करून खाली शिरू नका, एवढं ऐका, बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल.

अलीकडं आणखी एक नवीन भानगड. पेट्रोलमध्ये इथेनॉल आधी दहा टक्के होतं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं यायला लागलं. ऊस आपल्याच भागातला, कारखान्यांना त्याचा आधार झाला, शेतकऱ्याचं बिल निघायला मदत होत असेल तर त्याच्याविरुद्ध मी बँकवाला कोणत्या तोंडानं बोलू. पण माझी गाडी त्या काळातली नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, अन पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात. जुन्या रबराला पण ते मानवत नाही, कार्बोरेटरच्या वाटीची रिंग फुगते नाहीतर कडक होते. लिटरमागं ताकद पण कमी, नुसत्या इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश. म्हणून आता पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्याला मी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवतो, खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. पोरगी त्याला प्रॅक्टिकल म्हणते. ती नववीला आहे, बाटली हलवून थर बघायला तिला आवडतं, प्लग पण तिनं एकदा काढून बसवला. पण पुढच्या वर्षी दहावी, रविवारी टेस्ट असते क्लासची, अन टेस्टच्या दिवशी ती पाना घेऊन बसली की माझ्याच तोंडून काय निघतं ते इथं लिहायला नको.

बायकोची स्कूटर इंजेक्शनवाली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचा कडक नियम, आला अन बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला. तिच्यात माझं काम ऑईल, फिल्टर, प्लग, ब्रेक अन बॅटरीचे टर्मिनल एवढंच. पिवळा दिवा लागला की स्कॅनर लागतो, तो चाचांच्या पोरानं घेतलाय, मोबाईलला जोडून बघतो, चाचा बाजूला उभं राहून "क्या बोल रहा वो" विचारतात. कार्बोरेटर गेला याचं मला दुःख आहे असं म्हणलं तर खोटं ठरेल, ती स्कूटर थंडीत पहिल्या बटणाला चालू होते अन माझी चोक मागते. तरी रविवारी मी स्प्लेंडरच खोलतो.

सध्या तिच्या डाव्या बाजूनं एक आवाज यायलाय. सकाळी थंड असताना खळखळ खळखळ, गरम झाली की कमी होतो. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की आवाज कुठून येतो ते नेमकं कळतं, अन तो वरून हेडपासून खाली मॅग्नेटपर्यंत सगळीकडं सारखाच ऐकू येतो, म्हणजे टायमिंग चेन, इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी. ती बदलायची तर मॅग्नेट ओढायचा पुलर पाहिजे, टायमिंगच्या खुणा जुळवून बसवावं लागतं, एक दात इकडंतिकडं झाला की गाडी नीट चालत नाही, अन मोकळ्या हातानं शिकायचं ते काम नाही. किट आणून ठेवलाय. दुकानदारानं आधी लोकल काढून दिला होता, तो परत करून ओरिजिनल घेतला. चाचांना फोन केला, म्हणाले शुक्रवार सोडून कधी पण आणा. मी विचारलं, बाजूला बसून बघू का? थोडा वेळ गप्प राहिले अन म्हणाले, "देखो साब, बैठो, चाय पिओ, लेकिन हात नक्को लगाओ."